धाकटीचे सहाशे चाळीस शेअर

वजनमापे खात्यात निरीक्षकांनी चौतीस वर्षं काढली. काट्यात खोट करण्याचे एकतीस प्रकार त्यांना तोंडपाठ होते, आणि बत्तिसावा कुठेतरी नक्की असणार असा त्यांचा ठाम संशय होता. पारड्याखाली चुंबक, वजनाच्या पोटात पोकळी, बुडाला चिकटवलेला मेणाचा गोळा, सगळं त्यांनी पकडलेलं. दुकानात ते आधी साधं गिऱ्हाईक म्हणून जायचे, किलोभर साखर घ्यायचे, कोपऱ्यावर जाऊन आपल्या काट्यावर तोलायचे आणि मग परत येऊन ओळखपत्र दाखवायचे. कुणाकडे घोटभर चहासुद्धा कधी घेतला नाही. दुकानदारांनी त्यांचं नाव शंकासुर ठेवलं होतं. ते त्यांच्या कानावर आलं तेव्हा त्यांनी एवढीच चौकशी केली की हे पहिल्यांदा कोण म्हणालं.

निवृत्त झाल्यावर पहिले तीन महिने घरच्यांची परीक्षा होती. दुधाचं माप तपासून झालं, विजेचं मीटर तपासून झालं, बायको "आले पाच मिनिटांत" म्हणून शेजारी जाते ती किती मिनिटांनी येते तेही घड्याळ लावून झालं. "अहो, तुम्ही कुठेतरी नोकरी बघा," बायको म्हणाली, आणि ती थट्टा करत नव्हती. त्याच वर्षी मेहुणा अचानक गेला, आणि धाकटीचे शेअर सांभाळायचं काम निरीक्षकांकडे आलं.

धाकटी म्हणजे त्यांची एकुलती एक बहीण. तिचा नवरा एका कर्ज देणाऱ्या कंपनीत रोखपाल होता. रिक्षासाठी, शिवणयंत्रासाठी, आजारपणासाठी लहानलहान कर्जं देणारी कंपनी. तिथल्या नोकरांना पगारातून थोडेथोडे कापून कंपनीचे शेअर घेता येत. बावीस वर्षांत मेहुण्याने पाचशे चाळीस जमवले. तो गेल्यावर धाकटीने सगळी कागदपत्रं एका पिशवीत भरून भावापुढे ठेवली. "दादा, मला यातलं ओ की ठो कळत नाही. तूच बघ."

दादांनी बघितलं. दोघांच्या नावाने खातं उघडलं, पासबुक स्वतःकडे ठेवलं. कंपनी दर वर्षी नफ्यातला वाटा लाभांश म्हणून भागधारकांना द्यायची, तो या खात्यात यायचा. त्यातला एक पैसाही निरीक्षकांनी इकडचा तिकडे केला नाही, आणि ही गोष्ट इतकी उघड होती की कुणी त्यांना कधी काही विचारलंच नाही. लाभांश आला की त्याचेच आणखी शेअर घ्यायचे, हा त्यांनी नियम केला. बाईमाणूस एकटी, हातात पैसा खुळखुळला की नातेवाईक गोळा होतात. चार वर्षांत पाचशे चाळीसचे सहाशे चाळीस झाले. धाकटी नवऱ्याच्या पेन्शनवर आणि थोड्याफार शिवणकामावर भागवत होती, आणि तिची दौलत वहीत वाढत होती.

त्या वहीत प्रत्येक निकालानंतर निरीक्षक एक शब्द लिहायचे: ठेवा, कापा किंवा वाढवा. ठेवा म्हणजे हात लावू नका. कापा म्हणजे थोडे विका. वाढवा म्हणजे आणखी घ्या. आणि त्या एका शब्दाआधी पानभर शंका असायच्या.

या वर्षी शंका दोन पानांवर गेल्या. कंपनीने लाभांश एकदम वाढवला. शेअरमागे आठ रुपये मिळायचे, आता अकरा. दलालाचा फोन आला, "साहेब, शेअरचा भाव दोनशे आणि लाभांश अकरा. म्हणजे शेकडा साडेपाच घरबसल्या. नोंदीची तारीख महिनाअखेर आहे. त्या दिवशी ज्याच्या नावावर शेअर, त्याला लाभांश. आत्ता वाढवा."

"तुम्ही वाढवा म्हणता म्हणून तर मला विचार करायला हवा," निरीक्षक म्हणाले आणि फोन ठेवला.

कर्ज देणाऱ्या कंपनीचा लाभांश म्हणजे दुकानदाराने आपणहून टाकलेली जास्तीची मूठ, असं त्यांचं मत होतं. जो न मागता मूठभर जास्त घालतो त्याचं माप आधी तपासावं. थकलेली कर्जं शंभरात तीन होती ती साडेतीन झाली होती, हे निकालाच्या पहिल्याच पानावर होतं. हप्ते थकताहेत आणि वाटप वाढतंय, यात काहीतरी काळंबेरं आहे. शेअर कापायचे तर नोंदीच्या तारखेच्या आधी की नंतर? वाढवायचे तर कुठल्या भरवशावर? धाकटीची म्हातारपणाची सगळी पुंजी त्या एका कंपनीत होती. कंपनी बुडाली तर ती बुडणार होती, आणि दोष दादांचा असणार होता. हा विचार आला की त्यांना जेवण जात नसे.

कागदावर त्यांचा विश्वास नव्हता. छापलेला अहवाल सत्तर पानांचा होता, त्यातली पाच वाचून त्यांनी तो बाजूला टाकला. छापणारेही त्यांचेच आणि लिहिणारेही त्यांचेच. त्यापेक्षा समोर जाऊन बसावं.

कंपनीच्या शाखेसमोर रस्त्यापलीकडे एक किल्लीवाला बसायचा. निरीक्षकांनी त्याला घराची एक जादा किल्ली करायला दिली आणि त्याच्या स्टुलावर बसून समोरचं दार न्याहाळायला लागले. दुसऱ्या दिवशी कपाटाची किल्ली दिली. तिसऱ्या दिवशी पुन्हा घराचीच दिली, तेव्हा किल्लीवाला म्हणाला, "साहेब, घरात माणसं किती?"

"दोघं."

"आणि किल्ल्या तीन. कुणावर पाळत ठेवताय ते सांगा, उगाच पितळ वाया घालवू नका."

निरीक्षकांनी सांगितलं, पण अर्धंच. शाखेत माणसं किती जातात ते मोजतोय, म्हणाले. हप्ते भरायला किती आणि नवं कर्ज काढायला किती, हे काही बाहेरून कळत नाही.

"न कळायला काय झालं?" किल्लीवाला कानस घासत म्हणाला. "पिशवी हलवत जातो तो हप्तेवाला. पिशवी छातीशी धरून जातो तो नवा. त्यात त्याचे सगळे कागद असतात ना. आणि पायरीवर उभा राहून फोनवर बोलतो, आत जातच नाही, तो थकलेला."

निरीक्षकांना हा माणूस आपल्या खात्यात का नव्हता याचं वाईट वाटलं. त्यांनी वहीत तीन रकाने आखले. दुपारपर्यंत हलत्या पिशव्या चव्वेचाळीस, छातीशी धरलेल्या नऊ, पायरीवरचे दोन. म्हणजे हप्ते येत होते. मग थकीत का वाढलं? की हे लोक एका कर्जाचा हप्ता दुसऱ्या कर्जातून भरत होते? सुतावरून स्वर्ग गाठण्यात निरीक्षकांचा हात कुणी धरला नसता.

दहाव्या पिशवीची नोंद करायला त्यांनी पेन्सिल टेकवली आणि ती तशीच राहिली. पिशवी छातीशी घट्ट धरून पायऱ्या चढणारी बाई त्यांची बहीण होती.

ते किल्ल्यांच्या फळीआड सरकले. अर्ध्या तासाने धाकटी बाहेर आली, पायरीवर थांबून पदराने चेहरा पुसला आणि चालायला लागली. पिशवी आता हलत होती. ती दिसेनाशी झाल्यावर निरीक्षक रस्ता ओलांडून आत गेले आणि खिडकीमागच्या मुलीला विचारलं, "आत्ता त्या बाई आल्या होत्या, त्या कशासाठी?"

"दुसऱ्याच्या खात्याची माहिती देत नाही, काका."

"मी तिचा सख्खा भाऊ आहे."

"मग त्यांनाच विचारा ना."

उत्तर झोंबलं. पण बाहेर आल्यावर त्यांनी वहीत लिहिलंच: शाखेत गुप्तता पाळतात, ही जमेची बाजू.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला सगळं सांगितलं आणि निकालही देऊन टाकला. "धाकटीचा जावई. दुसरं कोण? त्याचं गॅरेज वाढवायचं चाललंय. लेकीकडून आईवर दबाव टाकला असणार. कुंपणच शेत खातंय."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं?"

"अहो, सरळ तिला विचारा ना."

"सरळ विचारलं की माणूस सरळ खोटं बोलतो," निरीक्षक म्हणाले. बायकोने भाकरी थापायला घेतली. चाळीस वर्षांच्या संसारात तिला कुठे वाद घालायचा नाही ते कळलं होतं.

आठवडाभर ते धुमसत राहिले. दलालाचे दोन फोन त्यांनी उचलले नाहीत. मग एका दुपारी कुठलंही कारण न सांगता धाकटीकडे गेले. ती छपाईच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहायची. खाली यंत्र चालू असलं की वर पेला थरथरायचा. निरीक्षक खुर्चीवर बसले आणि ताकास तूर न लागू देता नजर फिरवायला लागले. नवी वस्तू काही दिसत नव्हती. जुनी कमी झालेलीही नव्हती. शिवणयंत्र जागेवर होतं, तिच्या हातातल्या बांगड्या हातातच होत्या.

"जावई काय म्हणतात?" त्यांनी विचारलं.

"मजेत आहेत," धाकटी लगेच म्हणाली.

इथे निरीक्षक सावध झाले. धाकटी कधीच लगेच उत्तर देत नसे. गेली दोन-तीन वर्षं तिची एक खोड त्यांनी हेरली होती: प्रश्न विचारला की ती थांबायची, त्यांच्या तोंडाकडे बघायची, मान हलवायची आणि मग काहीतरी मोघम बोलायची. कधीकधी तर भलतंच. उत्तराआधी जो थांबतो तो मनात काहीतरी जुळवत असतो, हे त्यांनी शेकडो दुकानदारांवर पारखलेलं. म्हणून ती लपवते हे त्यांनी केव्हाच ठरवून टाकलं होतं. आणि आज ती थांबत नव्हती. म्हणजे आज उत्तरं आधीच तयार करून ठेवली होती.

ती पाणी आणायला आतल्या खोलीत गेली. "पाठ करून बसलीय," ते स्वतःशीच पुटपुटले.

"काय पाठ केलंय मी?" आतून आवाज आला.

निरीक्षक चमकले. खाली छपाईचं यंत्र धडधडत होतं. त्यात ते पुटपुटणं त्यांचं त्यांनाही नीट ऐकू आलं नव्हतं. धाकटी पेला घेऊन बाहेर आली, वाकून तो स्टुलावर ठेवला, आणि पुढे आलेले केस तिने मागे सारले. दोन्ही कानांमागे शेंगदाण्याएवढी करड्या रंगाची यंत्रं होती.

"हे कधी?"

"चार दिवस झाले. आधी का नाही सांगितलं म्हणून ओरडू नकोस. आता मला ऐकू येतं."

ती हसली, पण ते हसू शकले नाहीत. ते थांबणं, ते तोंडाकडे बघणं, ती भलतीच उत्तरं. तिला ऐकूच येत नव्हतं. ती त्यांच्या ओठांवरून शब्द उचलत होती, आणि ते तिच्यावर गुन्हा नोंदवत होते. निरीक्षकांना लाज वाटली, आणि ती त्यांच्या चेहऱ्यावर दिसली असणार, कारण धाकटी समोर बसली.

"कंपनीकडून कर्ज काढलंस," ते म्हणाले.

"बारा हजार. तुला कसं कळलं?"

"मी समोर बसलो होतो."

"माझ्यावर पाळत?"

"नाही. कंपनीवर." हे खरं होतं, पण म्हणताना त्यांनाच ते कसंनुसं वाटलं. "व्याज किती?"

"शेकडा अठरा."

"अगं, तुझ्या शेअरवर तुला शेकडा चार मिळतात. ते ठेवून अठराने कर्ज काढलंस? मला मागायचे होतेस."

"मागितले होते की. दोन वर्षांपूर्वी."

"कधी? मला आठवत नाही."

"मला आठवतं," धाकटी म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तू म्हणालास कुठला डॉक्टर, त्याने काय सांगितलं, दुसऱ्याला दाखवलं का, हे पैसे नक्की तुलाच हवेत ना. मला अर्धे प्रश्न ऐकूच आले नाहीत, दादा. तुझ्या तोंडाकडे बघून एवढं कळलं की तुला मी खोटी वाटतेय. मग गेले नाही परत. तिथल्या मुलीने तीनच प्रश्न विचारले. नाव काय, राहता कुठे, हप्ता कधी भराल. माझ्याकडे तोंड करून, सावकाश विचारले. आणि दुसऱ्या दिवशी पैसे दिले."

निरीक्षकांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला.

घरी येऊन त्यांनी जुनी वही काढली. तिने सांगितलेलं खोटं निघावं अशी एक बारीक आशा अजून होती. सवय अशी एका दुपारीत सुटत नाही. नोंद सापडली. त्यांच्याच रेखीव अक्षरात: धाकटीने पैसे मागितले. डॉक्टरकडे जायचं म्हणते. दर प्रश्नाला थांबून उत्तर, एकदा तर भलतंच. संशय जावयावर. पैसे दिले नाहीत. लाभांशातून पंचवीस शेअर घेतले. आणि खाली दुहेरी रेघ मारून एक शब्द: वाढवा.

त्यांनी तो शब्द बराच वेळ पाहिला. दोन वर्षं ती बहिरेपणात बसली होती आणि तिच्या पैशांचे हे पंचवीस शेअर झाले होते. मग कंपनीचा अहवाल काढला आणि उरलेली पासष्ट पानं वाचली. एकेचाळिसाव्या पानावर बारीक अक्षरात होतं की कंपनीने आपल्या जुन्या मुख्य कचेरीची इमारत विकली, आणि अकरातले तीन त्या विक्रीचे, एकदाच मिळणारे. पुढच्या वर्षी पुन्हा आठच. चोरी नव्हती, झाकपाक नव्हती. दोन गावांत पूर आल्याने थोडे हप्ते लांबले होते, तेही पुढच्याच पानावर लिहिलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. वळसा घालताना तीन किल्ल्या मात्र झाल्या.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा धाकटीकडे गेले. या वेळी तिच्यासमोर बसून, तिच्याकडे तोंड करून, सावकाश बोलले.

"कंपनी ठीक आहे. तुझ्यासारखी माणसं हप्ते भरतात म्हणून ठीक आहे. या तीन जादा रुपयांना भुलून आणखी घ्यायचे नाहीत, ते एकदाचेच आहेत. घाबरून विकायचेही नाहीत. पण तुझं कर्ज फेडायला साठ शेअर विकावेत, असं मला वाटतं. चार मिळवायला अठरा द्यायचे नाहीत. तुझं काय म्हणणं?"

शेअरबद्दल तिचं म्हणणं त्यांनी चार वर्षांत पहिल्यांदाच विचारलं होतं. धाकटीने विचार केला. "साठ विक. बाकीचे राहू देत, ते त्यांनी जमवलेत. आणि लाभांश माझ्या खात्यात येऊ दे, माझ्या एकटीच्या. आला की काय करायचं ते मी बघेन."

"सगळा?"

"सगळा."

त्यांनी अर्ज आणलेलाच होता. लाभांश जमा होण्याचं खातं बदलण्याचा. ते तिचं नाव, पत्ता, खात्याचा आकडा भरत गेले, आणि पाचव्या रकान्यापाशी सवयीने थबकले. तिथे छापलं होतं: बदलाचं कारण.

"कारण काय लिहू?" त्यांनी विचारलं.

"माझे पैसे आहेत," धाकटी म्हणाली. "एवढंच लिही."

निरीक्षकांनी तेवढंच लिहिलं, आणि सहीसाठी कागद तिच्यापुढे केला.